इंग्रजीत ‘चेंज’ म्हणायचं की ‘चेंजेस’? सुट्टे मागताना आणि बदल सांगताना वेगवेगळं असतं का?

हो, वेगळं असतं. सुट्टे पैसे म्हणजे ‘चेंज’च, मग खिसाभर नाणी असली तरी. ते पीठ-पाण्यासारखं न मोजलं जाणारं नाम आहे, म्हणून ‘चेंजेस’ नाही आणि ‘अ चेंज’ही नाही; ‘सम चेंज’ म्हणा. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत ‘चेंजेस आहेत का?’ विचारलंत तर कोणी हसणार नाही, मुलाखतीत मात्र खटकतं.

खरी गफलत पुढच्या शब्दयोगी शब्दात होते. पाचशेची नोट मोडून हवी असेल तर ‘चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड’. तीच नोट देऊन 60 रुपयांचे पोहे-जिलबी घेतलेत तर परत येणारे 440 रुपये म्हणजे ‘चेंज फ्रॉम फाइव्ह हंड्रेड’. त्यात नोटा आल्या तरी शब्द तोच. ‘कीप द चेंज’ (उरलेले तुम्हीच ठेवा) म्हणताना एवढं लक्षात ठेवा, नाहीतर महागात पडेल!

बदल या अर्थी नाम मोजता येतं: ‘अ चेंज’, ‘थ्री चेंजेस’. इथे ‘इन’ आणि ‘ऑफ’ सांभाळा. घर तेच, पण पिनकोड दुरुस्त केला तर ‘चेंज इन द अ‍ॅड्रेस’. राजवाड्याजवळची जागा सोडून विजयनगरला राहायला गेलात तर ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’. आधीचीच गोष्ट थोडी बदलली की ‘इन’, एकीच्या जागी दुसरी आली की बहुतेक वेळा ‘ऑफ’.

क्रियापद आपल्याला सोपं जातं. ‘वेळ बदलली’ आणि ‘मी वेळ बदलली’ हे मराठीत एकाच क्रियापदावर चालतं, ‘चेंज’चंही तसंच. अडतं ते अनेकवचनावर. रतलामला गाडी बदलायची असेल तर ‘चेंज ट्रेन्स अ‍ॅट रतलाम’, कारण एक सोडायची, दुसरी धरायची. शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल केलीत तर ‘चेंज सीट्स’. घर विकलं जाऊन मालक बदलला तर ‘चेंज हँड्स’. बल्ब किंवा टायर बदलताना मात्र एकवचन: ‘चेंज द बल्ब’.

आणि इंग्रज आई ‘आय मस्ट चेंज द बेबी’ म्हणाली तर घाबरू नका, लंगोट बदलायचा आहे.