‘पाहते खूप, सुचत मात्र काही नाही’

जाहिरातींसाठी मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलत्या आकृत्या आणि अक्षरे, करणाऱ्या मंडळींकडून समुपदेशनात एक चिंता वारंवार ऐकायला मिळते. रोज इतके उत्तम काम पाहतो, आवडलेले जपून ठेवतो, पण स्वतःचा कागद पुढे ओढला की डोके रिकामे होते. आपली कल्पकता संपली तर नाही ना? या प्रश्नाचे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे देणार आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीने तो लिहीत असून तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या तरुण डिझायनर एका स्टुडिओत काही वर्षे काम करत होत्या. हात सफाईदार होता, सॉफ्टवेअरवर पकड होती आणि मुदत पाळणारी व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे भरवशाने काम दिले जात असे. अलीकडे मात्र त्यांच्या संकल्पना लागोपाठ नाकारल्या गेल्या होत्या आणि प्रत्येक वेळी शेरा जवळपास तोच होता : दिसायला छान आहे, पण कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते. काम वाईट आहे असे कोणी म्हटले असते तर त्यांना सुधारणेची दिशा तरी मिळाली असती. ‘पाहिल्यासारखे’ या शेऱ्याने मात्र त्यांचा स्वतःवरचा विश्वासच डळमळला. “मॅडम, माझ्याकडे स्वतःचं असं काही नाहीच की काय, असं वाटायला लागलंय,” असे त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या.

अशी तक्रार ऐकली की मी आधी तिची व्याप्ती तपासून घेते. न सुचणे केवळ कामापुरते आहे, की आवडत्या सगळ्याच गोष्टींतला रस गेला आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, मन सतत उदास राहते आहे? दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ अशी स्थिती असेल, तर कल्पकतेच्या युक्त्या बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यायला हवी, कारण नैराश्यावर मूडबोर्ड, म्हणजे आवडलेल्या संदर्भचित्रांचा फलक, हा उपाय नव्हे. या तरुणीच्या बाबतीत तसे काही नव्हते. मित्रमैत्रिणींत त्या रमत होत्या, रात्री झोप लागत होती. कामाचा ब्रीफ, म्हणजे ग्राहकाला काय हवे ते सांगणारा कागद, हातात पडला की मात्र छातीत धस्स होत असे.

म्हणून मी त्यांना एक नोंद ठेवायला सांगितले. ब्रीफ मिळाल्यापासून पहिली चौकट काढेपर्यंत आपण नेमके काय काय करतो, ते ज्या क्रमाने घडते त्याच क्रमाने, स्वतःला बरेवाईट न म्हणता लिहायचे. पुढच्या भेटीत ती नोंद आम्ही एकत्र वाचली. ब्रीफ एकदाच आणि घाईने वाचला जात होता. त्यानंतर लगेच संदर्भांचा शोध सुरू होत होता : त्याच प्रकारच्या उत्पादनाच्या जाहिराती, गाजलेल्या स्टुडिओंचे शोरील (निवडक कामाच्या चित्रफिती), आधी जपून ठेवलेल्या असंख्य क्लिप. मूडबोर्ड भरत जाई तसतसा उत्साह वाढत असे आणि तो भरून झाला की ओसरत असे, कारण त्या तयार, चकचकीत चौकटींशेजारी स्वतःचे पेन्सिलचे कच्चे रेखाटन केविलवाणे दिसायचे. मग ते फाडले जायचे आणि शोध पुन्हा सुरू व्हायचा. आपल्याला सुचत नाही अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सुचायला लागणारी जागा आणि वेळ दुसऱ्यांच्या पूर्ण झालेल्या कामाने आधीच व्यापली जात होती.

या घडामोडीचा मानसशास्त्रात बारकाईने अभ्यास झाला आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक अभियंते यांना रचनेची कामे दिली होती आणि त्यांतल्या काही गटांना सोबत एक नमुना दाखवला होता. नमुना पाहिलेल्या गटांच्या रचनांत त्या नमुन्यातले घटक अधिक प्रमाणात उतरले, त्यातले दोषसुद्धा. नक्कल करण्याचा कोणाचा हेतू नव्हता. डोळ्यांसमोर एक उत्तर आले की मन त्याच्या आसपासच घुटमळते, आणि आपण घुटमळतो आहोत हे त्या वेळी कळतही नाही. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ विचारात पडल्या आणि मग त्यांनी स्वतःच्या नाकारल्या गेलेल्या कामांची यादी केली. तिन्हींत अंधारात तरंगणारे प्रकाशगोळे होते, कणांची लाट होती आणि शेवटी सगळे कण एकवटून बोधचिन्ह तयार होत होते. उत्पादने मात्र तीन वेगवेगळी होती.

त्यांनी एक आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. “आमच्या क्षेत्रात रेफरन्स न बघता काम होतच नाही. क्लायंटला शैली दाखवावी लागते, टीमला समजावं लागतं.” संदर्भ सोडून द्या असे माझे म्हणणे नव्हते. ते कधी पाहायचे आणि काय शोधण्यासाठी पाहायचे, एवढाच प्रश्न होता. या माध्यमाचा इतिहास पाहिला तरी हे लक्षात येते. १९३५ मध्ये प्रयोगशील चित्रपटकार लेन लाय यांनी ब्रिटनच्या टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी कॅमेरा न वापरता, थेट फिल्मच्या पट्टीवर रंगवून एक लहानसा चित्रपट केला होता. रंगांचे फटकारे संगीताच्या ठेक्यावर नाचत राहतात आणि अखेरीस स्वस्त पार्सलसेवेचा संदेश येतो. त्यांची शैली अनुकरणासाठी मी सांगत नव्हते. हातातले साधन आणि त्यातून घडू शकणारी हालचाल यांच्याशी थेट झटापट केल्यावर काय उगवते, ते मला या तरुणीपुढे ठेवायचे होते.

त्या दिवसांत त्यांच्याकडे नवे काम आले होते. श्रवणयंत्राची पंधरा सेकंदांची जाहिरात करायची होती. ती मोबाइलच्या पडद्यावर, अनेकदा आवाज बंद असतानाच पाहिली जाणार होती. म्हणजे ऐकू येण्यातला फरक न ऐकवता दाखवायचा होता. या विषयावर शोध घेतला की निळ्या ध्वनिलहरी आणि कानाभोवती पसरत जाणारी वर्तुळे यांचा पूर येतो, हे त्यांना शोधाआधीच ठाऊक होते. आम्ही ठरवले की या वेळी काही दिवस संदर्भांचा फोल्डर उघडायचा नाही.

त्याऐवजी त्यांनी ब्रीफ पुन्हा वाचला आणि त्यातली विशेषणे खोडून टाकली. ‘आधुनिक’, ‘विश्वासार्ह’, ‘आपुलकीचे’ अशी विशेषणे प्रत्येक ब्रीफमध्ये असतात आणि डिझायनर त्यांच्यामागे धावून दमतात, कारण विशेषणातून फार तर रंग किंवा अक्षरशैली मिळते. हालचाल मिळते ती क्रियेतून. म्हणून दुसऱ्या कागदावर त्यांनी ऐकू न येणाऱ्या माणसाच्या क्रिया लिहिल्या : वळणे, पुढे झुकणे, पुन्हा विचारणे, अंदाज बांधणे, हसून वेळ मारून नेणे, गप्प बसणे. यादी करताना आपल्याला यातले बरेचसे अंदाजानेच लिहावे लागते आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या घरात एका वयस्क आप्तांना कमी ऐकू येत असे. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून, त्यांची परवानगी घेऊन, घरातल्या गप्पांच्या वेळी त्या वही घेऊन बसल्या.

त्या वहीतली पाने मला आजही आठवतात. बोलणाऱ्याच्या दिशेने हनुवटी किंचित वळते, मग खांदा पुढे येतो, नजर डोळ्यांवर न राहता ओठांवर स्थिरावते. एका पानावर मात्र एकच वाक्य होते आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली होती : ‘सगळे हसले, त्यानंतर ते हसले.’ कोणीतरी विनोद केला होता, सगळे एकदम हसले होते आणि त्या गृहस्थांनी इतरांचे चेहरे पाहून, किंचित उशिराने, त्या हसण्यात आपले हसणे मिसळले होते. विनोद त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. हे वाक्य वाचून दाखवताना त्या तरुणीचा आवाज जड झाला. इतकी वर्षे एकाच घरात राहून हे आपल्याला कधी दिसले नव्हते, असे त्या म्हणाल्या.

जाहिरातीची कल्पना त्या वाक्यातच होती आणि तिला चालना देण्यासाठी मला फारसे काही करावे लागले नाही. पाच वर्तुळे. चार वर्तुळे एकदम उसळी घेतात, पाचवे बारा फ्रेम उशिरा उसळते. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या, म्हणजे पंचवीस स्थिर चित्रांच्या, हिशोबात सुमारे अर्धा सेकंद. पुन्हा चार, मग एक. तिसऱ्या वेळी पाचवे उसळतच नाही. नंतर श्रवणयंत्राचा आकार येऊन त्याला लागतो आणि पाचही वर्तुळे एका क्षणी उडतात. चित्रातले वेगवेगळे थर एकामागून एक, थोड्या थोड्या फ्रेमच्या अंतराने हलवणे ही मोशन ग्राफिक्समधली अगदी रोजची युक्ती आहे. त्या स्वतः ती हालचाल देखणी दिसावी म्हणून शेकडो वेळा वापरत आल्या होत्या. या वेळी त्या अंतराला कारण मिळाले होते. हालचालीचा वेग आलेखावर ठरवणाऱ्या ग्राफ एडिटरमध्ये पाचव्या वर्तुळाची उसळी इतरांपेक्षा थोडी बुटकी आणि सावकाश ठेवावी, कारण ती खात्रीने घेतलेली नाही, हेही त्यांना आपोआप सुचले.

तरीही एक भीती उरलीच : नुसती वर्तुळे फार साधी वाटणार नाहीत ना, लोकांना काही कळेल का? यावर मी त्यांना मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांच्या १९४४ च्या प्रयोगाबद्दल सांगितले. त्यांनी दोन त्रिकोण, एक छोटे वर्तुळ आणि एक उघडझाप होणारी चौकट एवढीच आकृती असलेली लहानशी फिल्म लोकांना दाखवली होती. ती पाहणाऱ्या बहुतेकांनी आकृत्यांचे वर्णन जिवंत पात्रांसारखे केले. कोणी दांडगाई करणारा, कोणी घाबरलेला, कोणी पाठलाग करणारा. आकृतीला चेहरा लागत नाही. तिच्या हालचालीत हेतू दिसला की पाहणारा उरलेली गोष्ट स्वतः पूर्ण करतो, आणि जाहिरातीच्या थोड्याशा सेकंदांत याहून मोठी मदत दुसरी नाही.

कच्ची रेखाटने सुरुवातीला कोणालाही दाखवायची नाहीत, हेही आम्ही ठरवले होते. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९७९ च्या एका अभ्यासात कोलाज करणाऱ्यांपैकी काहींना तुमच्या कामाचे मूल्यमापन होणार आहे असे आधी सांगितले होते, आणि सर्वसाधारणपणे त्यांचे काम कमी सर्जनशील ठरले. स्टुडिओत मूल्यमापन टळत नाही, टळूही नये. पण पहिल्या घटकेलाच क्रिएटिव्ह डायरेक्टरचा चेहरा डोळ्यांसमोर आणण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नसते. वर्तुळांचा साधा ॲनिमॅटिक, म्हणजे जाहिरातीचा कच्चा हलता आराखडा, तयार होईपर्यंत तो त्यांच्यापाशीच राहिला.

संदर्भांचा फोल्डर उघडला तो त्यानंतर. आता त्यांच्याकडे विचारायला एक नेमका प्रश्न होता : उशीर इतरांनी कसा दाखवला आहे, किती फ्रेमपर्यंत तो चूक न वाटता जाणीवपूर्वक केलेला वाटतो? असा प्रश्न घेऊन पाहिले की पाहणे अभ्यास होते, आणि तेच चकचकीत काम, जे आधी छातीवर दडपण आणत होते, हाताशी असलेले साहित्य वाटू लागते. जपून ठेवलेल्या प्रत्येक क्लिपखाली यात काय हलते, कशामुळे हलते आणि किती वेळात हलते, एवढे एका वाक्यात लिहायचे असा नेमही त्यांनी स्वतःच घालून घेतला. ज्या क्लिपबद्दल असे वाक्य लिहिता आले नाही, त्या त्यांनी काढून टाकल्या. बहुतेक संग्रह गेला.

संकल्पना स्टुडिओत आवडली. ग्राहक कंपनीने मात्र ध्वनिलहरी हव्यातच असा आग्रह धरला, आणि पूर्वीच्या त्या असत्या तर त्यांनी मुकाट्याने लहरी घातल्या असत्या. या वेळी त्यांनी दोन्ही रूपे आवाज बंद करून शेजारी शेजारी चालवून दाखवली. चर्चेअंती लहरी फक्त शेवटच्या, उत्पादनाच्या चौकटीत आल्या. कारण माहीत असलेल्या निर्णयाची बाजू घेणे सोपे जाते. केवळ छान दिसते म्हणून घेतलेला निर्णय पहिल्याच हरकतीला कोसळतो.

यानंतर त्यांना प्रत्येक कामात असे काही सुचत गेले असे नाही. पुढचेच काम दोन दिवसांच्या मुदतीचे होते, सवलतीची घोषणा करणारे, आणि त्यासाठी त्यांनी तयार टेम्पलेट वापरले. त्याबद्दल त्यांना अपराधी वाटत होते. माझे मत त्यांना मी स्पष्ट सांगितले : प्रत्येक जाहिरातीला नवी दृष्टी लागत नाही, आणि काही कामे नीटनेटकी व वेळेवर होणे एवढेच पुरेसे असते. जिथे सवड आहे तिथे मात्र ती सवड शोधयंत्राला देऊन टाकू नये. ब्रिटिश विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाच्या टप्प्यांविषयी लिहिताना तयारीनंतर विचार मनात मुरू देण्याला वेगळे स्थान दिले होते. संध्याकाळी क्रियांची यादी करून ती तशीच सोडावी आणि सकाळी फोन हातात घेण्याआधी रेखाटायला बसावे, हा त्या तरुणीने आता पाळलेला क्रम त्याला धरूनच आहे. घाईच्या कामातही पहिला अर्धा तास त्या कागद आणि पेन्सिलीसाठी राखून ठेवतात. त्या अर्ध्या तासात काही हाती लागले नाही, तर फोल्डर उघडतात आणि कामाला लागतात.