माणसालाच आयुष्याच्या अर्थाचा प्रश्न का पडतो?

कारण आपण मरणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. पोट भरलं की असले प्रश्न सुचतात, असं म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. वडील गेल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्यांनी पुढच्या महिन्याची वीजबिलाची तारीख पेनाने गोल केलेली दिसली. तिथेच मला हा प्रश्न पडला, आणि तेव्हा घरात कुणी धड जेवलंही नव्हतं.

रशियन लेखक टॉलस्टॉय यांच्याकडे पन्नाशीत कीर्ती, जमीन, भरलं घर, सगळं होतं. तरी ‘मग पुढे काय?’ने त्यांना इतकं घेरलं की आपण जीव देऊ या भीतीने त्यांनी घरातली दोरी लपवली, बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं. आधार सापडला तो साध्या, राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या श्रद्धेत.