वाचकांचे प्रश्न : रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट का थरथरतो?

प्रश्न : माझा रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचे माती भुसभुशीत करणारे अवजार) बांधाशी वळताना उचलला की जोरात हादरे देतो. ट्रॅक्टरची फिरती शक्ती त्याला पोचवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस (टोकाचा, कोनात वळणारा सांधा) दोनदा बदलला, तरी काही दिवसांत पुन्हा खडखड सुरू होते. मागच्या हंगामानंतर साफसफाईसाठी शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे केले होते, तेव्हापासून हा त्रास वाढला आहे. पुढे काय करावे? – एक शेतकरी, मुरबाड, जि. ठाणे

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याकडे आधी लक्ष द्यावे, कारण शाफ्ट खोलून पुन्हा बसवल्यानंतर त्रास वाढला असेल, तर दोष क्रॉसच्या दर्जात नसून तो ज्या स्थितीत फिरतो त्या स्थितीत असण्याची शक्यता अधिक आहे. तसे असल्यास तिसरा क्रॉसही टिकणार नाही.

कोनात फिरणारा क्रॉस पुढे एकसारखी गती देत नाही. पीटीओ (ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) मिनिटाला 540 फेरे एकसंध फिरत असला, तरी सांध्याचा कोन 30 अंश असेल तर त्यापुढील नळीची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा 468 पर्यंत उतरते आणि दोनदा 624 पर्यंत चढते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढउतार उलट दिशेने भरून काढतो, म्हणून गिअरबॉक्सला पुन्हा सम गती मिळते. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात: आतल्या बाजूचे दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दुबेळके काटे) एकाच रेषेत असावेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असावेत.

चौकोनी शाफ्ट खोलल्यावर तो एक बाजू फिरवून, म्हणजे 90 अंशांनी चुकीचा, सहज बसतो आणि वरून पाहता काहीच वेगळे जाणवत नाही. अशा वेळी दोन्ही क्रॉसची चढउतार एकमेकींना मारण्याऐवजी एकमेकींत मिसळते, आणि त्याच 30 अंशांच्या कोनात गिअरबॉक्सकडे जाणारी गती 405 ते 720 फेऱ्यांदरम्यान हेलकावे खाऊ लागते. इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन, शाफ्टच्या एका टोकाकडून पाहावे. आतले दोन्ही योक एकामागे एक दिसले पाहिजेत. ते आडवे-उभे दिसत असतील, तर शाफ्ट खेचून बरोबर बसवावा आणि नळ्यांवर रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी कारागिराची गल्लत होणार नाही.

योक बरोबर असूनही हादरे येत असतील, तर रोटाव्हेटर कामाच्या खोलीवर टेकवून टॉप लिंक (अवजाराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) तपासावी. शाफ्ट काढून पीटीओच्या आणि गिअरबॉक्सच्या दांड्यावर छोटी पाणसळ ठेवली, तर दोन्हींचा उतार सारखाच दिसला पाहिजे. फरक असल्यास टॉप लिंक कमी-जास्त करावी. साखळ्या ढिल्या असतील तर अवजार आडवे सरकते आणि बाजूचा कोनही वाढतो. रोटाव्हेटर उचलल्यावर तो तिरका होतो व कोन वाढतात, आणि आपल्याकडच्या लहान भातखाचरांत बांधाशी वारंवार वळावे लागत असल्याने हे सतत घडते. म्हणूनच वळताना पीटीओ बंद करण्याची सवय लावावी, हा माझा आग्रह आहे. एवढ्यानेच क्रॉसचे आयुष्य कितीतरी वाढते.

एखादे पाते तुटलेले किंवा नळी वाकलेली असेल, तर हा सर्व ताळमेळ साधूनही थरथर राहील, तेव्हा तेही पाहून घ्यावे.

प्रश्न : नवीन शाफ्ट लांब पडतो. कापून बसवला तर चालेल का? – एक वाचक, शहापूर

उत्तर : चालेल, किंबहुना शाफ्ट लांब असताना तसाच चालवू नये, कारण अवजार वर-खाली होताना नळीचे टोक आत टेकले की सगळा दाब पीटीओच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. दोन्ही अर्धे भाग वेगवेगळ्या टोकांना जोडून, सर्वांत कमी अंतराच्या स्थितीत शेजारी धरावेत आणि खूण करावी. आतली व बाहेरची नळी तसेच त्यांची संरक्षक आवरणे सारख्याच मापाने कापावीत. सर्वांत लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीने गुंतलेल्या राहिल्या पाहिजेत, अन्यथा ताण आल्यावर त्या वाकतात. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात, लोखंडाचा कीस पुसून काढावा आणि मगच ग्रीस लावून शाफ्ट जोडावा. चिखलणीच्या दिवसांत क्रॉसमध्ये पाणी शिरत असल्याने तेथे रोज काम सुरू करण्यापूर्वी ग्रीसगनने ग्रीस भरावे.