मुलगा म्हणतोय कॉलेज नको, बास फिशिंगमध्ये प्रो व्हायचंय

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही टेक्सासात फ्रिस्कोला राहता, मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत, तीन वर्षं शाळेच्या बास टीममध्ये आहे (बास हा गोड्या पाण्यातला मासा, तो पकडायच्या स्पर्धा असतात), आणि २०२५ च्या मार्चमध्ये मित्राबरोबर फोर्ट वर्थला बासमास्टर क्लासिक या खेळातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचं वेइन, म्हणजे माशांचं वजन करतात ते, बघायला गेला तेव्हापासून त्याचं एकच चाललंय की कॉलेज नको, बारावी झाली की सरळ प्रो. बोट घ्यायची आहे, लोनवर तुमची सही हवी आहे. बाबा बावीस वर्षं आयटीत, ते म्हणाले "मासे मारायला आलो का आपण अमेरिकेत" आणि तेव्हापासून महिनाभर बापलेकाचं बोलणं बंद. साताऱ्याच्या आजींना तर मुका जीव मारतो याचंच दुःख. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की याला थांबवू कसं.

थांबवू नका. पण लोनवर सही पण करू नका, निदान आत्ता तरी नाही. का ते सांगते.

मी हंट्सव्हिलला राहते, अलाबामात, गंटर्सव्हिल लेक इथून जवळच, त्यामुळे गेली बरीच वर्षं माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हे खूळ नवीन नाही. खूळ म्हटलं ते प्रेमाने. आधी आजींचं सांगते कारण ते सोपं आहे. या स्पर्धेत मासा मारत नाहीत. बोटीत पाण्याची टाकी असते, लाइव्हवेल म्हणतात, त्यात जिवंत ठेवायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा, वजनाला मेलेला मासा आणला तर प्रत्येकी चार औंस कापतात. बासमास्टर ज्यांनी उभं केलं त्या रे स्कॉट यांनी १९७२ पासून मासा जिवंत सोडायची पद्धत लावली. मेजर लीग फिशिंग म्हणून दुसरी संस्था आहे, तिच्या बास प्रो टूरवर तर बोटीतच वजन करून तिथल्या तिथे सोडतात. हे आजींना फोनवर नातवानेच सांगू दे, त्यांना बरं वाटेल.

आता खरी गोष्ट. ॲमॅच्युअर आणि प्रो यात फरक काय असं मी मुलांना विचारते तेव्हा सगळे म्हणतात प्रो जास्त चांगला मासा पकडतो. पण आपल्याला क्रिकेट बघून सवय झालीय की प्रो म्हणजे टीम घेते, कॉन्ट्रॅक्ट देते, पगार देते, आणि इथे तसलं काहीच नाही. इथे प्रो झाला की खर्च वाढतो. एंट्री फी स्वतः भरायची. बासमास्टरची ओपन्स म्हणून जी पायरी आहे, जिथून वर एलिट सीरिज या सगळ्यात वरच्या पायरीवर जाता येतं, तिथे एका स्पर्धेला दोन हजार डॉलरच्या आसपास, आणि एलिटला पोचलात तर एका स्पर्धेला पाच हजाराच्या घरात. वर पेट्रोल, कारण बोट ओढत टेक्सासहून फ्लोरिडा, तिथून न्यूयॉर्कच्या सेंट लॉरेन्स नदीपर्यंत जायचं, ती बोट ओढायला पिकअप ट्रक, राहणं, खाणं, प्रॅक्टिसचे दिवस. एलिटला पहिलं बक्षीस एक लाख, क्लासिकला तीन लाख, हे आकडे मुलाला पाठ असतील. पण एलिटमध्ये शंभर-एक जण उतरतात आणि पैसे मिळतात ते साधारण वरच्या निम्म्यांना, बाकीचे पाच हजार भरून रिकाम्या हाताने पुढच्या लेकला निघतात. ओपन्समध्ये तर उतरणारे याच्या दुप्पट असतात.

आणि ती बोट. २० फुटी, २५० हॉर्सपॉवरची, समोरच्या पाण्यातलं लाइव्ह दाखवणारं सोनार यंत्र लावून नवीन घ्यायची म्हटली तर ऐंशी हजार ते लाखभर डॉलर. सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे कर्ज असलं की तो मासा पकडायला जात नाही, हप्ता पकडायला जातो, आणि तसं फिशिंग होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडचा एक मुलगा हुशार होता, इथल्या पाण्यावर त्याला हरवणारं कोणी नव्हतं, अठराव्या वर्षी बोट घेतली आणि विसाव्या वर्षी विकली. आता तो रॉडला हात लावत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

त्याच्या बाबतीत अजून एक झालं ते तुमच्या मुलाने नीट वाचावं. तो "इथल्या पाण्यावर" भारी होता. प्रोला इथलं पाणी नसतं. दर दोन-तीन आठवड्यांनी नवीन लेक, कधी गढूळ उथळ गवताळ, कधी साठ फूट खोल स्वच्छ, कधी भरतीओहोटीची नदी, कधी लार्जमाउथ कधी स्मॉलमाउथ (बासच्याच दोन जाती), आणि स्पर्धेआधी ठराविक काळ ते पाणी बंद, दुसऱ्याकडून जागा विचारायला पण बंदी, पॉलीग्राफ घेतात. मिळालेल्या दोन-तीन दिवसांत स्वतः शोधायचं. त्यामुळे मुलाला माझा पहिला प्रश्न हा की लेक रे रॉबर्ट्स आणि लेक फोर्क हे तुमच्याकडचे लेक सोडून किती पाण्यांवर तू वजनाला लागतात ते पाच मासे आणलेस? आधी कधी न बघितलेल्या पाण्यावर?

हे शिकायची स्वस्त जागा आहे, तिला को-अँगलर म्हणतात. दुसऱ्याच्या बोटीत मागे उभं राहून फिशिंग करायचं, फी कमी, स्वतःची बोट नको. बीएफएल नावाच्या शनिवारच्या स्पर्धा असतात, सगळीकडे होतात, तिथे जाऊ दे. एका सीझनमध्ये सहा-सात वेगवेगळी माणसं निर्णय कसे घेतात ते आठ तास जवळून बघायला मिळतं, एवढी शिकवणी कुठे मिळणार.

आता कॉलेज. इथे मला मुलाशी थोडं भांडायचंय. त्याने क्लासिकला जो जिंकताना बघितला तो ईस्टन फॉदरगिल, बावीस वर्षांचा, तो कुठून आला? मिनेसोटाचा मुलगा, अलाबामाच्या युनिव्हर्सिटी ऑफ मॉन्टेव्हॅलोच्या बास टीममधून. कॉलेजच्या स्पर्धेतून त्याला आधीच्या वर्षी क्लासिकची जागा मिळाली, मग ओपन्समधून एलिट, मग रे रॉबर्ट्सवर क्लासिक. जॉर्डन ली, २०१७ आणि २०१८ लागोपाठ दोन क्लासिक जिंकला, तो आणि त्याचा भाऊ मॅट दोघं ऑबर्न युनिव्हर्सिटीचे. म्हणजे कॉलेज सोडून प्रो हा रस्ता तुमचा मुलगा स्वतःच बनवतोय, ज्यांच्यामुळे तो वेडा झाला ते कॉलेजमधून गेलेत. हा खेळ एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या मोठ्या संघटनेचा, नाही त्यामुळे फुटबॉलसारख्या मोठ्या स्कॉलरशिपा सगळीकडे नसतात, पण टीम शेकडो कॉलेजांत आहेत. टेक्सासमध्येच नॅकोडोचेसला स्टीफन एफ. ऑस्टिन आहे, सॅम रेबर्न लेक हाकेच्या अंतरावर. तिथे शिकावं काय? मार्केटिंग शिकला तर स्पॉन्सरशी बोलता येईल, कारण स्पॉन्सर मासे नाही बघत, तू आमचा माल किती खपवतोस ते बघतो, आणि नव्याला बहुतेक वेळा पैसे नाही, सवलतीत सामान मिळतं. किंवा फिशरीज शिकला तर टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याचं टेक्सासातल्याच अथेन्स गावी मोठं केंद्र आहे, १९८६ पासून शेअरलंकर नावाचा प्रकल्प चालतो, लोक १३ पौंडांच्या वरचे बास पैदाशीसाठी देतात. मला तर वाटतं तुमच्या मुलाला तिथे एकदा नेऊन दाखवाच, याच पाण्यावर प्रेम करून पगाराची नोकरी असते हे त्याला कोणी सांगितलेलंच नसणार. गाइडचं लायसन्स काढलं तर सुट्टीत कमाई पण होते.

आयटीतल्या बाबांना एक नाव सांगा, रिक क्लन. एक्झॉनमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रामर होते, नोकरी सोडून लेक कॉन्रोवर गाइड झाले, चार वेळा क्लासिक जिंकले, आणि २०१९ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी एलिटची स्पर्धा जिंकली. आणि मुलाला दुसरं नाव सांगा, ताकाहिरो ओमोरी. जपानहून १९९२ मध्ये आला, इंग्रजी धड येत नव्हतं, टेक्सासमध्ये वर्षानुवर्षं गाडीत झोपून स्पर्धा खेळला, क्लासिक जिंकला २००४ मध्ये. बारा वर्षं. बाबांनी क्लन बघावा की वेड्याचं पण भलं होतं, मुलाने ओमोरी बघावा की किती वेळ लागतो.

मग करायचं काय तर आजपासून एक वही. प्रत्येक स्पर्धेचा खर्च, मिळकत, पाणी कसं होतं, काय चुकलं, सगळं त्यानेच लिहायचं. हे पुढे टॅक्सला पण लागतं, आयआरएसला, म्हणजे टॅक्स खात्याला, हा छंद नाही धंदा आहे हे दाखवावं लागतं आणि पाचातली तीन वर्षं नफा असला तर बाजू भक्कम होते. चार वर्षं कॉलेज टीम, सुट्टीत को-अँगलर, बावीसाव्या वर्षी वहीत दिसलं की अनोळखी पाण्यावर तो सतत वरच्या पाव भागात येतोय आणि एका अख्ख्या सीझनचे पैसे कर्ज न काढता बाजूला आहेत, तर ओपन्सला जाऊ दे, दोन सीझन, आधीच ठरवून. सव्वीसपर्यंत तो तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर राहू शकतो, म्हणजे त्या दोन वर्षांची ती काळजी नाही. बोट सेकंडहँड घ्या. (तुमचा मुलगा इथे जन्मलेला आहे म्हणून मी व्हिसाचं बोलत नाहीये, पण बाकी कोणी वाचत असेल आणि मूल एच-फोरवर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असेल तर बक्षीस, स्पॉन्सर कशालाही हो म्हणायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, एकवीस पूर्ण झाल्यावर काय होणार ते पण.)

आणि महिनाभराच्या अबोल्याचं. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय की शाळेच्या स्पर्धांना मुलगा नेहमी मित्राच्या वडिलांबरोबर जातो. शाळेच्या स्पर्धेत दोन मुलं आणि एक मोठा माणूस लागतो, त्याला बोट कॅप्टन म्हणतात, तो बोट चालवतो, गळ टाकायचा नाही, फक्त मुलांबरोबर असायचं. पुढच्या स्पर्धेला मित्राच्या वडिलांना विचारा की त्या दिवशी तुमची बोट आमच्या ह्यांना द्याल का, त्याआधी एक रविवार शिकवाल का. बाबांना मासा कळला नाही तरी चालेल. पहाटे साडेचारला उठावं लागतं, थर्मासमध्ये चहा तुम्ही भरून द्या, दोघांना पुरेल एवढा.