सूर्योदय आपल्याला 8 मिनिटे उशिरा दिसतो का?

सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो, असे आपण पत्रात विचारले आहे. सूर्य आणि पृथ्वी यांतील सरासरी अंतर 14 कोटी 96 लाख किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792 किलोमीटर धरला, तर सूर्यप्रकाशाला येथवर यायला सुमारे 8 मिनिटे 19 सेकंद लागतात. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, तेव्हा 8 सेकंद कमी आणि जुलैच्या आरंभी 8 सेकंद जास्त. एवढा भागाकार आपणही केला असता. माझी दुखरी नस दाबली गेली ती आपल्या दुसऱ्या वाक्याने: "म्हणजे सूर्य दिसतो त्याच्या 8 मिनिटे आधीच उगवलेला असतो ना?"

मुळीच नाही.

नववीच्या चाचणीत मला हेच विचारले होते. सूर्य दिसतो त्या क्षणी तो क्षितिजावरच असतो, असे मी लिहिले आणि त्यावर लाल शाईची आडवी रेघ आली. उत्तरपत्रिका घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत गेलो. सरांचे म्हणणे असे की, 8 मिनिटांत सूर्य आकाशात 2 अंश सरकतो, म्हणून खरा सूर्य दिसणाऱ्या सूर्याच्या 2 अंश वर असतो. मी म्हणालो, "सर, सरकतो तो सूर्य नव्हे, आपण." मग खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो आणि जागच्या जागी सावकाश वळलो. उजेड डोळ्यांवर आला तो वळताक्षणी, कारण तो खोलीत आधीपासूनच होता. पृथ्वीही तशीच वळून अगोदरच येऊन पोहोचलेल्या प्रकाशात शिरते. सर म्हणाले, "नाटक पुरे." गुण मिळाले नाहीत.

उशीर होतो तो सूर्यावर घडणाऱ्या घटना कळायला. तेथे सौरज्वाला उसळली, तर ती आपल्याला 8 मिनिटांनीच दिसेल. पृथ्वी गुरूपासून दूर किंवा जवळ असेल तशी गुरूच्या आयो या उपग्रहाची ग्रहणे अशीच मागेपुढे होतात, हे पाहून 1676 साली डॅनिश खगोलशास्त्रज्ञ रोमर यांनी प्रकाशाला यायला वेळ लागतो हे दाखवून दिले. 'उगवणे' ही सूर्यावरची घटना नव्हे, इतकेच मला सरांना पटवायचे होते.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हती. वातावरणातील अपवर्तनामुळे, म्हणजे हवेतून येताना प्रकाश वाकत असल्यामुळे, क्षितिजावरचा सूर्य सुमारे अर्धा अंश वर उचललेला दिसतो. म्हणजे सूर्योदय उशिरा नव्हे, उलट दोनएक मिनिटे लवकर दिसतो आणि त्या क्षणी खरा सूर्य क्षितिजाखालीच असतो. या हिशेबाने माझे उत्तर अर्ध्या अंशाने चुकले होते. सरांचे अडीच अंशांनी.