किटची वाईन जमते, मग मांडवावरच्या द्राक्षांची का बिघडते?

तुम्ही लिहिलंय की विकतच्या, तयार रसाच्या किटमधून दोनदा छान वाईन झाली, पण न्यू जर्सीच्या घरामागे आधीच्या मालकाने लावलेल्या काँकर्ड जातीच्या वेलाची द्राक्षं घेऊन अगदी त्याच पद्धतीने केली, तर आंबटढाण आणि पाणचट निघाली. यंदा २० किलोच्या आसपास माल दिसतोय, तेव्हा काय बदलायचं? मी मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षं काँकर्डचीच वाईन करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या हातून चूक झालेली नाही. किटमधला रस कारखान्यातच जुळवलेला असतो. त्यातली साखर आणि आम्ल आधीच मोजलेलं असतं. आपण २३ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं की हायड्रोमीटर (रसाच्या घनतेवरून साखर मोजणारी नळी) १.०९० च्या आगेमागे दाखवणारच. त्यामुळे किट आपल्याला स्वच्छता शिकवतं, साका खाली ठेवून वरची वाईन दुसऱ्या भांड्यात काढायला शिकवतं, थांबायला शिकवतं. द्राक्षं ओळखायला मात्र शिकवत नाही. नाशिकचा बागाईतदार ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, मोजल्याशिवाय बाग काढायला घेत नाही. आपण मात्र मणी काळे दिसले की घड उतरवून मोकळे होतो!

काँकर्डच्या बाबतीत तर हा रंग हमखास फसवतो. मणी पूर्ण काळे होतात, त्यानंतरही गोडी भरायला काही आठवडे लागतात. ही जात १८४९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावात एफ्राईम बुल यांनी तयार केली. तिच्यात अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाचं रक्त आहे. थंडी सोसते, भरपूर लागते, पण साखर कमी आणि आम्ल जास्त. माझ्याकडे चांगल्या वर्षीही १६-१७ ब्रिक्सच्या वर क्वचित जाते. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून दर तीन-चार दिवसांनी मांडवाच्या वेगवेगळ्या भागांतले वीसेक मणी चुरडून त्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबभर रसावरून ब्रिक्स दाखवणाऱ्या उपकरणावर, बघा. एकाच घडाचे मणी घेऊ नका, उन्हातला घड आणि पानाआडचा घड यांत बराच फरक असतो. आकडा वाढायचा थांबला की काढणी. तोवर जाळी घाला, नाहीतर पक्षी तुमच्या आधी काढणी उरकतील.

२० किलोंतून साधारण १२ लिटर रस मिळेल. कुजके, फुटलेले मणी निर्दयपणे फेका. देठ काढा, हाताने चुरडा, मिक्सर अजिबात नको, कारण बी फुटली की वाईन कडू होते. दर चार लिटरला कॅम्पडेनची (नको असलेले जंतू मारणाऱ्या सल्फाइटची) एक गोळी कुटून घाला आणि भांड्यावर फडकं बांधून ठेवा. बारा तासांनी पेक्टिक एन्झाइम (फळातलं चिकट पेक्टिन तोडणारं) घाला. किटमध्ये तुम्हाला ते वेगळं घालावं लागलं नसेल, पण काँकर्डमध्ये पेक्टिन भरपूर असतं. त्याची जेली घट्ट बसते ती त्यामुळेच आणि वाईन महिनोन्महिने गढूळ राहते तीही त्यामुळेच. आणखी बारा तासांनी यीस्ट.

त्याआधी साखरेचा हिशेब करा. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेने अल्कोहोल १ टक्का वाढतं. १६ ब्रिक्सचा रस नुसता आंबवला तर ९ टक्क्यांच्या आसपास थांबेल. तुम्हाला जाणवलेला पाणचटपणा हाच. १२ टक्के हवे असतील तर लिटरमागे ५० ग्रॅम, म्हणजे १२ लिटरला ६०० ग्रॅम साखर लागेल. थोड्या रसात विरघळवून घाला, ढवळा, पुन्हा मोजा.

आंबटपणासाठी ॲसिड तपासायचा छोटा संच आणा. लाल वाईनला लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम आम्ल पुरतं. काँकर्ड १० पर्यंत सहज जातं. मी दहा टक्के पाणी घालतो, त्यापेक्षा जास्त घातलं तर चव उतरते. यीस्ट मात्र ७१बी या प्रकारचं घ्या, ते मॅलिक आम्लाचा (द्राक्षातल्या एका मुख्य आम्लाचा) काही भाग स्वतःच खातं. वाईन तयार झाल्यावर दोन-तीन आठवडे गोठणबिंदूच्या जवळ ठेवली तर टार्टरेटचे (द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे) खडे तळाशी बसतात आणि आंबटपणाची धार आणखी उतरते.

फसफसायला लागलं की सालं वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून तीनदा खाली दाबायचा. कोरडा राहिला तर व्हिनेगरकडे जातो. मी पाचव्या दिवशी चोथा पिळून काढतो. या काळात झाकण घट्ट लावू नका, वायूला वाट हवीच.

किटमधलं उरलेलं सॉर्बेटचं (यीस्टची वाढ रोखणाऱ्या पावडरचं) पाकीट सरसकट वापरू नका, हे मी कळकळीने सांगतोय. तिसऱ्या वर्षी मी सॉर्बेट घातलेल्या वाईनमध्ये आंबटपणा कमी करायला मॅलोलॅक्टिक जिवाणू (मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे) सोडले. त्या जिवाणूंनी सॉर्बेटवर प्रक्रिया केली आणि सगळ्या वाईनला जिरेनियमच्या पानांचा वास आला. तो वास कशानेही जात नाही. अख्ख्या वर्षाचा माल ओतून टाकावा लागला. शेवटी वाईन गोड करायची असेल तरच सॉर्बेट, आणि तेव्हा हे जिवाणू नकोत.

विषारी दारूच्या बातम्यांमुळे सासूबाई घाबरल्यात म्हणालात. त्यांना सांगा, ते मृत्यू बहुतेक वेळा दारूत मिसळलेल्या औद्योगिक मिथाइल अल्कोहोलने होतात. द्राक्षं आंबवताना ते अगदी अल्प तयार होतं, विकतच्या वाईनमध्येही असतं. ही वाईन उकळून अर्क काढायच्या फंदात मात्र पडू नका, ते अमेरिकेत घरी करणं गुन्हा आहे. वाईन करायला केंद्रीय कायद्याने घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे, विकायची नाही. भारतातल्या वाचकांनी हे वाचून बरणी भरायला घेऊ नये, महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं दारूबंदी कायद्यात बसत नाही.

काँकर्डचा तो जेलीसारखा वास राहणारच, तो त्या जातीचाच आहे. किटच्या कॅबर्ने द्राक्षांच्या वाईनशी तुलना केलीत तर निराश व्हाल. मला तो आवडतो, विशेषतः वर्षभर मुरल्यावर. या शनिवारी मण्यांची गोडी मोजा आणि ब्रिक्स किती आलं ते कळवा, मग साखर आणि पाण्याचं नेमकं माप काढून देतो.