शंका विचारा : एक्सायटेड की अमेझ्ड?

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. 'सरप्राइज्ड', 'अमेझ्ड', 'एक्सायटेड', 'थ्रिल्ड' यांत तिचा गोंधळ उडतो. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, लेकीला कासच्या फुलांच्या पठारावर न्या! सप्टेंबरात जायचं ठरलं की आदल्या रात्री झोप लागत नाही, ते 'एक्सायटेड'. अजून घडायचंय त्याची ओढ. भरलेलं बुकिंग ऐनवेळी मिळालं, की 'थ्रिल्ड'. सड्यावर 'सीतेची आसवं' या फुलांचा जांभळा पट्टा बघून आ वासला, की 'अमेझ्ड'. 'सरप्राइज्ड' म्हणजे नुसतं अनपेक्षित. फुलांऐवजी निव्वळ धुकं दिसलं तरी चालतं! आणि हो, 'आय अ‍ॅम एक्सायटिंग' लिहू देऊ नका. एक्सायटिंग सहल असते, एक्सायटेड आपण. आमच्याकडची निम्मी पोरं इथेच घसरतात.